वाडग्यावरचा ठसा

जपानमध्ये समारंभपूर्वक चहा दिला जातो, त्या वाडग्याला ‘चावान’ म्हणतात. त्याला कान नसतो, बशीही नसते. तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. हिरव्या चहाची मऊ पूड त्यात घालून, गरम पाणी ओतून, ती बांबूच्या लहानशा रवीने घुसळली जाते. वाडग्याचा दर्शनी भाग ओठांना लागू नये म्हणून पाहुणा तो किंचित फिरवून चहा घेतो आणि चहा संपल्यावर रिकामा वाडगा न्याहाळून पाहतो. हा वाडगा कोठला, कोणी घडवला, असे तो यजमानाला विचारतो. हे विचारणे तेथील शिष्टाचाराचाच भाग आहे.

या वाडग्यांपैकी ‘मिशिमा’ नावाचा एक प्रकार विशेष मानला जातो. चाकावर घडवलेला वाडगा अर्धवट सुकला, की त्याच्या ओलसर अंगावर लाकडाचे किंवा भाजक्या मातीचे छोटे ठसे एकापुढे एक दाबतात. बहुधा शेवंतीसारखी फुले, बारीक ठिपके किंवा दोरखंडासारख्या रेषा असतात. मग त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप फिरवतात. लेप सुकत आला, की वरचा थर खरवडून काढतात आणि ठशांच्या खोलगट भागांतच पांढरी माती शिल्लक राहते. शेवटी पारदर्शक काचलेप देऊन वाडगा सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला जातो. राखाडी अंगावर पांढऱ्या नक्षीच्या ओळी उमटतात. इझू प्रांतातील मिशिमा येथील देवस्थानाचे छापील पंचांग अशाच बारीक, दाट अक्षरांचे असे. त्या साम्यावरून हे नाव पडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

नाव जपानी असले तरी कला मूळची कोरियाची. १३९२ मध्ये तेथे जोसन राजवंशाची सत्ता आली आणि पुढील दोन शतके ही ठशांची भांडी देशभर होत राहिली. १४५४ मध्ये पूर्ण झालेल्या राजकीय भूवर्णनात ३२४ भट्ट्यांची नोंद आढळते. या भट्ट्यांतील भांडी सरकारी कचेऱ्यांना करापोटी पुरवली जात. मेजवान्या होत, भांडी बाहेर जात आणि त्यांतील बरीचशी परत येत नसत. म्हणून १४१७ मध्ये, राजा तेजोंग याच्या काळात, भांड्यांवर संबंधित कचेरीचे नाव घालण्याचा हुकूम निघाला. फुलांच्या ओळींमध्ये खात्याचे नाव उमटू लागले. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर ती मालमत्तेवरची खूण होती.

चारच वर्षांनी, १४२१ मध्ये, आणखी एक हुकूम झाला. दरबाराकडे येणारी भांडी कच्ची असतात, टिकत नाहीत, अशी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून भांड्याच्या तळाशी कारागिराचे नाव घालण्यास सांगण्यात आले. हा गौरव नव्हता, जबाबदारी होती. माल वाईट निघाला तर कोणाला धरायचे, हे कळावे एवढाच हेतू. तरीही त्या हुकमामुळे काही सामान्य कुंभारांची नावे भांड्यांच्या तळाशी राहिली. कचेरीचे नाव मात्र दर्शनी असे.

सोळाव्या शतकात ही भांडी जपानमधील साकाई बंदराच्या व्यापाऱ्यांच्या नजरेस पडली. चहाच्या या परंपरेला आकार देणारे ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू हे दोघेही साकाईच्या व्यापारी घराण्यांतले. चीनमधील गुळगुळीत, निर्दोष भांड्यांची तोवर मोठी प्रतिष्ठा होती. या मंडळींनी कोरियातील रोजच्या वापराचा, काहीसा ओबडधोबड वाडगा हातात घेतला आणि त्याचा साधेपणा हेच त्याचे मोल ठरवले. रिक्यू यांच्याकडे असलेला ‘मिशिमा-ओके’ नावाचा वाडगा आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे.

१५९१ मध्ये सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून रिक्यू यांना प्राण द्यावे लागले. पुढच्याच वर्षी हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. १५९८ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात जपानी सरदारांनी कोरियन कुंभारांना कुटुंबांसह आपल्या मुलखात आणले. हागी, कारात्सू, सात्सुमा येथील कुंभारकाम त्यांच्या हातांनी उभे राहिले. क्यूशूमधील यात्सुशिरो येथे ठशांत पांढरी माती भरण्याची रीत आजही चालू आहे. तिचा आरंभही एका कोरियन कुंभारानेच केला. कोरियात मात्र ही भांडी त्याच सुमारास बंद पडली. दरबाराने पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना आधीच पसंती दिली होती. उरलेले युद्धाने संपवले.

आज जपानी कुंभार वाडग्याच्या बुडाशी स्वतःची मुद्रा उमटवतो. ज्या लाकडी पेटीत वाडगा ठेवायचा, तिच्यावरही तो सही करतो आणि त्या सहीमुळे वाडग्याची किंमत वाढते. जुन्या कोरियन वाडग्यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. तो कोणत्या चहागुरूकडे होता, कोणत्या सरदाराकडे गेला, याची साखळी जपून ठेवलेली असते. कित्येकदा तो शेवटी कोणाच्या मालकीचा होता, यावरूनच ओळखला जातो. पाहुण्याने रीतीप्रमाणे विचारले, की हा कोणी घडवला, तर यजमानाला ‘मिशिमा’ एवढेच सांगता येते. ते नाव एका पंचांगावरून आलेले आहे. मातीला हात लावणाऱ्याचे नाही.

भांड्यावर नाव घालण्याची रीत महाराष्ट्रातील घरांनाही परकी नाही. लग्नात आलेल्या तांब्यावर, डब्यावर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, तारीखही असते. तांब्या घडवणाऱ्या तांबटाचे नाव मात्र सहसा नसते. जुने भांडे घासून फडताळात ठेवताना ते कोणी दिले, हे घरातील वडीलधारी माणसे हमखास सांगतात. ते कोणी घडवले, हेही ज्या घरात ठाऊक असेल, तेथे ते मुलांना सांगून ठेवावे.