मण्यांपेक्षा मूस मोलाची

पावसाळ्यानंतर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर फिरलं की काचेचे मणी पायाशी येतात. निळा, हिरवा, विटकरी. मग बरोबरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं काचेचा कारखाना असणार!" गावात कासार बांगड्या भरायला येतो म्हणून त्या गावात काच होते का?

तयार काच वितळवून मणी करणं वेगळं आणि वाळूपासून काच करणं वेगळं. दुसऱ्या कामाचा पुरावा दिसायला अगदीच सामान्य असतो. काच वितळवायच्या मुशीचं खापर हातात घ्या. बाहेरून भाजून काळं पडलेलं, आतून काचेचा हिरवट थर सायीसारखा धरलेला, त्यात टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. खोदकामाच्या पाटीतून ते सरळ मातीच्या ढिगावर गेलं, तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

उत्तर प्रदेशातल्या संत कबीर नगर जिल्ह्यातलं कोपिया मला मोलाचं वाटतं ते याच कारणानं. तिथं मुशींच्या तुकड्यांबरोबर 50 किलोंहून जड असा काचेचा एक ओबडधोबड गोळाही मिळाला. एवढं धूड मण्यांच्या व्यापाऱ्यानं वाटेत टाकलं असेल, हे पटत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर उत्खनन केलेले मो. गं. दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर 1969 साली ग्रंथ लिहिला. पुढे कोपियाला सविस्तर खोदकाम केलं ते तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या आलोक कुमार कानुनगो यांनी.

यातली मौज कच्च्या मालात आहे. नुसती वाळू वितळायला सुमारे 1700 अंश सेल्सियस लागतात. सोडा मिसळला की काम बऱ्याच कमी उष्णतेत भागतं. गंगेच्या मैदानात हा सोडा शेतातच फुलतो. त्याला तिकडे रेह म्हणतात. आपल्या चोपण जमिनीवर उन्हाळ्यात येतो तसलाच पांढरा फुलोरा. शेतकऱ्याच्या दृष्टीनं शापच. तिथल्या वाळूतून काचेत ॲल्युमिना भरपूर उतरतं. पश्चिम आशियातल्या प्राचीन काचेत ते सहसा कमी असतं. त्यामुळे काच इथली की बाहेरची, हे ओळखायला प्रयोगशाळेला पहिला धागा मिळतो. एटा जिल्ह्यातल्या जलेसरला तर रेहेपासून काच करणाऱ्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेटत होत्या.

आता रेहेच्या त्या जमिनी जिप्सम टाकून सुधारतात. सुधाराव्यातच, पिकं हवीत. पण नांगर फिरण्याआधी खापरं तरी पाहून घ्यावीत. आणि आपल्याकडच्या खोदकामांत मण्यांसाठी जशी वेगळी पाकिटं असतात, तशी एक पाटी भट्टीच्या मळीसाठी आणि मुशींच्या तुकड्यांसाठी ठेवावी. पाटीला पैसे पडत नाहीत.

— पांढरीकर