आधी धंदा, मग ध्येय

लहानसा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणाने प्रथम आपल्या अंतःकरणातील ध्येय शोधावे, आणि त्याचा साक्षात्कार झाल्यावाचून भांडवलास हात घालू नये, असा उपदेश हल्ली बारामती-इंदापूरकडील होतकरू मुलांच्या कानी वारंवार पडतो. केवळ पैशासाठी उतरलेला माणूस पहिल्याच तोट्यात गाशा गुंडाळतो, ध्येयवादी तेवढा टिकतो, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे. टिकून राहण्याचे महत्त्व आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु ते बळ आरंभापूर्वीच्या आत्मशोधातून येते, हे मात्र मान्य नाही.

इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात ज्यांच्या नावाचे नगर वसले, त्या वालचंद हिराचंदांचे उदाहरण प्रतिपक्ष हटकून देईल. घरच्या सावकारीत आणि कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही, हे त्याला पुरावा वाटेल. पण एका धंद्यात मन न रमणे म्हणजे दुसऱ्याचे ध्येय गवसणे नव्हे. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे मक्ते घेतले, तेव्हा जहाजे, विमाने वा साखर यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते. जहाजांची सिंदिया कंपनी १९१९ सालची, विमानांचा कारखाना १९४० चा. आणि १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले, त्याच दशकात नीरेच्या कालव्याखालील या मुलखात त्यांचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रेही याच वालचंदनगरात घडू लागली. प्रत्येक कामाने पुढच्या कामाची निकड दाखवली, आणि हेतू त्या निकडीबरोबर विस्तारत गेला.

वालचंदांची गोष्ट मोठ्यांची, असे कोणी म्हणेल, तर त्याने भिगवणला जावे. उजनी धरणात पाणी अडले तेव्हा भीमाकाठची सुपीक जमीन गेली, गावे उठली. पळसदेवचे जुने देवालय आजही पाणी ओसरल्यावरच दृष्टीस पडते. त्याच जलाशयाच्या मासळीवर भिगवणचा बाजार उभा राहिला, आणि त्यासोबत लिलाव, अडत, बर्फ, वाहतूक, खाणावळी असे कितीतरी लहान व्यवसाय चालू लागले. पोटाची निकड हा तेथील आरंभ होता, आणि त्यात लाजण्यासारखे काय आहे? कुटुंबाचा चरितार्थ प्रामाणिकपणे चालविणे हाच मुळात प्रतिष्ठित हेतू होय; त्याला क्षुद्र लेखणाऱ्या उपदेशाने गरीब घरच्या मुलांच्या मनात अकारण न्यूनगंड पेरला आहे, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

तोट्याच्या दिवशी माणसाला धरून ठेवते ते उत्तरदायित्व. दूध गोळा करणाऱ्याकडे पहाटे किटली घेऊन येणारी बाई, हाताखालच्या पोराचा पगार, जामीन राहिलेला चुलता, रोजकीर्दीत मांडलेली उधारी, ही बंधने धंदा सुरू झाल्यावरच जडतात, आणि आपले काम कोणासाठी आहे हे त्यांच्यातूनच कळते. ज्याने अद्याप एकही गिऱ्हाईक पाहिले नाही, त्याला ते एकांतात बसून कळणार कसे?

म्हणून वडीलधाऱ्यांना आणि कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे: समोरच्या मुलीला तिचे जीवनध्येय विचारू नका, माल कोण घेणार, उधारी कशी वसूल होणार आणि पहिले सहा महिने घर कशावर चालणार, एवढे विचारा, आणि उत्तरे पटली तर अर्ज मंजूर करा.