मुलकोवालची बाटली आणि अविश्वासाचे पीक

१/
३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल या गावी लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ही लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली होती. लस माणसे मारते आणि इतिहास त्याला साक्षी आहे, असे सांगणारे आजही याच घटनेकडे बोट दाखवतात. इतिहासाची साक्ष काढायचीच असेल, तर ती अर्धवट काढून चालत नाही. पूर्ण साक्ष अशी. #थ्रेड

२/
या साक्षीची मोडतोड दोन्ही बाजूंनी होते. एक बाजू १९ मृत्यू पुढे करून लसीलाच खुनी ठरवते. दुसरी बाजू त्या काळच्या माणसांना अडाणी आणि अंधश्रद्ध म्हणून हात झटकते. पहिली विज्ञानावर अन्याय करते, दुसरी माणसांवर. १८९६ ते १९०७ या ११ वर्षांचा इतिहास दोघींनाही खोटे पाडतो.

३/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील तापाच्या रुग्णांना तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्या, गोदामे, चाळी ओस पडू लागल्या. रोगाला औषध नव्हते. तो पिसवांमार्फत पसरतो, हेही तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

४/
त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, शिक्षण प्राणिशास्त्राचे, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. कॉलऱ्यावरील लस त्यांनी आधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दंड ठणकला, काम चालू राहिले.

५/
त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी आढळले. कैद्याची 'स्वेच्छा' कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज अवश्य विचारावा. मात्र त्यासोबत हेही नोंदवावे की हाफकिन यांनी जी जोखीम इतरांना पत्करायला सांगितली, ती आधी स्वतः पत्करली होती.

६/
लस तयार होत असतानाच सरकारने दुसरे हत्यार उपसले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. त्याची कलमे मोजून चार. चौथे कलम सांगते की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. अधिकार अमर्याद आणि उत्तरदायित्व शून्य, अशी ही रचना होती. अविश्वासाचे बी येथे पेरले गेले.

७/
पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने या अधिकारांचे काय केले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. गोरे सोजिर घरात शिरले. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, सामान जाळले गेले. काखेतील आणि जांघेतील गाठी पाहण्याच्या नावाखाली स्त्रियांची विटंबना झाली. धडधाकट माणसांनाही छावण्यांत नेण्यात आले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या ही या साऱ्याची परिणती होती.

८/
येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पुणेकरांचा संताप लसीच्या सुईवर नव्हता, तो घराच्या उंबऱ्यावर आदळणाऱ्या बुटांवर होता. रँडच्या मोहिमेचा गाभा झडती, विलगीकरण आणि निर्जंतुकीकरण हा होता. १८९७ च्या पुण्याला लसविरोधाचा पहिला अध्याय म्हणून रंगवणारे लोकांच्या खऱ्या गाऱ्हाण्याची चोरी करतात आणि ते गाऱ्हाणे भलत्याच खटल्यात पुरावा म्हणून दाखल करतात.

९/
आता अफवांकडे वळू. सरकारी इस्पितळात माणसे मारून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' काढतात, अशी वदंता तेव्हा पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये झडतीवरून मदनपुऱ्यातील मुसलमान विणकर रस्त्यावर उतरले. धर्म वेगळा, जात वेगळी, धंदा वेगळा. भीती मात्र एकच.

१०/
ही वदंता खोटीच होती. पण ती कोणत्या जमिनीत रुजली? लोक इस्पितळाच्या धास्तीने रोग लपवत. रुग्ण शेवटच्या घटकेला, बहुधा बळजबरीने, नेला जाई. तो तेथे मरे. नातेवाईकांना आत प्रवेश मिळणे कठीण. बाहेरच्यांना एवढेच दिसे की आत गेलेले माणूस परत येत नाही. डोळ्यांना दिसलेले खरे होते, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. अशा वेळी माणसाला मूर्ख म्हटल्याने अर्थ बदलत नाही. दार उघडले, तरच बदलतो.

११/
ज्यांनी दार उघडले, त्यांचे लोकांनी ऐकले. सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता स्वतः प्लेगला बळी पडल्या (१० मार्च १८९७). सरकारी जुलमावर तुटून पडणाऱ्या टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. मुंबईत तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील अनेक जण त्यांच्यामागून पुढे आले. सरकारी फर्मानाला जे साधले नाही, ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने साधले.

१२/
या पार्श्वभूमीवर मुलकोवालकडे पाहावे. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि सरकारला फार मोठ्या प्रमाणावर लस हवी होती. त्या दिवशी गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. धनुर्वात झाला तो फक्त एका बाटलीतून, '५३-एन' या क्रमांकाच्या बाटलीतून, लस घेतलेल्या १९ जणांना. ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

१३/
म्हणजे प्रश्न लसीचा नव्हता, एका बाटलीच्या दूषित होण्याचा होता. ती दूषित झाली कोठे? परळला भरताना की गावात उघडताना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने कौल दिला की बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती. उत्पादन वाढावे म्हणून हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते. ठपका त्यांच्यावर आला. संचालकपदावरून ते दूर झाले.

१४/
मात्र चौकशीच्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट दडलेली होती. बाटलीचे बूच काढताना गावातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय दूषित लस आठवडेच्या आठवडे बाटलीत राहिली असती, तर उघडताना दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तशी काही दुर्गंधी जाणवली नव्हती.

१५/
ही कागदपत्रे अनेक वर्षे लोकांसमोर आलीच नाहीत. ती प्रसिद्ध झाल्यावर हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्यानिशी खोटा ठरला आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. त्याच वर्षाअखेर हाफकिन यांना पुन्हा नेमणूक मिळाली, पण परळला नव्हे. त्यांना कलकत्त्याला जावे लागले.

१६/
सरकारने सारी कागदपत्रे १९०३ मध्येच खुली केली असती, तर काय बिघडले असते? एका शास्त्रज्ञाची वर्षे वाचली असती, ही तुलनेने लहान बाब. मोठी बाब अशी की लस टोचताना स्वच्छतेची एक चूक किती जीव घेऊ शकते, हा धडा पंजाबातील गावागावांत उघडपणे सांगता आला असता. जे झाकले गेले, ते वदंतेच्या हवाली झाले. १९ घरांना सत्य मिळाले नाही आणि इतरांना शहाणपण मिळाले नाही.

१७/
लसीच्या समर्थकांनीही येथे प्रामाणिक राहावे. हाफकिन यांची लस निर्दोष नव्हती. ती टोचल्यावर ताप येई, हात सुजे, मिळणारे संरक्षण अपुरे आणि काही काळापुरते असे. त्या वेळच्या भारतीय प्लेग आयोगाने लसीचा उपयोग मान्य केला, पण हाफकिन यांच्या आकडेवारीतील त्रुटीही दाखवल्या. उपयुक्त असणे आणि निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समर्थक पहिलीच्या जागी दुसरी सांगतात, तेव्हा विरोधकाला अर्धा विजय आयता मिळतो.

१८/
चूक उघड केली, तर लोक लस घेणेच सोडतील, ही भीती जुनी आहे. तिला अमेरिकेतील १९५५ सालच्या घटनेचे उत्तर आहे. कटर या कंपनीच्या पोलिओ लसीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेले. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला, १० जण मरण पावले. कंपनीचे नाव जाहीर झाले, लस परत मागवली गेली, सगळी मोहीम काही काळ थांबवून तपासणीचे नियम कडक करण्यात आले. मग मोहीम पुन्हा सुरू झाली आणि त्या देशातून पोलिओ हटत गेला.

१९/
उलट दिशेचा खोटेपणाही विसरता येत नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी केवळ १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. पुढे उघडकीस आले की लस कंपन्यांविरुद्ध दावा उभारणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळाले होते आणि नोंदींत फेरफार होते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. संशय विकणाराही हितसंबंधांपासून मुक्त नसतो. प्रश्न फक्त सरकारला आणि कंपनीला विचारायचे, ही सोयीची अर्धी चिकित्सा झाली.

२०/
भारतातील पोलिओचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. पोलिओच्या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील, ही वदंता उत्तर प्रदेशातील मुसलमान वस्त्यांत पसरली होती. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची आठवण ज्या भागात ताजी होती, तेथे या भीतीला अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे स्मृतीचा अपमान. ती मोडली मौलवींनी, शिक्षकांनी आणि दारोदार फिरणाऱ्या वस्तीतल्याच स्त्रियांनी. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. १३ जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा नवा रुग्ण आढळला नाही.

२१/
आणि तरीही २०२० मध्ये नवी साथ आली, तेव्हा राज्यकर्त्यांनी बाहेर काढला तो १८९७ चाच कायदा, त्याच चौथ्या कलमासह. सव्वाशे वर्षांत रोग बदलला, लसी बदलल्या, राज्यकर्ते बदलले. लोकांना उत्तर देणे बंधनकारक नाही, ही कल्पना टिकून राहिली. अफवांना दोष देणाऱ्या प्रत्येक सत्तेने आधी हे कलम मोठ्याने वाचावे.

२२/
म्हणून मुलकोवालचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगावे: दाखला जरूर द्या, पण पूर्ण द्या. १९ मृत्यू सांगा, त्यासोबत ८८ जिवंत माणसेही सांगा. बाटलीचा क्रमांक सांगा, तसाच जमिनीवर पडलेला चिमटाही सांगा. आणि लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांना सांगावे: आर्थर रोडच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या कामगारांना आत काय चालले आहे हे कोणी दाखवले होते?

२३/
हाफकिन १९३० मध्ये लोझान येथे वारले. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले आणि ती संस्था आजही तेथे उभी आहे. लसीवरील विश्वास आज्ञेने मिळत नाही, उपहासाने तर नाहीच. टोचणाऱ्याने आपला दंड आधी पुढे करावा, चूक झाली तर त्याच दिवशी सांगावी आणि कागद लोकांसमोर ठेवावेत. हे जेथे घडते, तेथे अफवेला खायला काही उरत नाही. (समाप्त)