सूर्य, वारा आणि तिसऱ्या नंबरची खाला

गर्भसंस्काराच्या वर्गात मला एक वही मिळाली आहे. गुलाबी पुठ्ठा, वर कमळ. रोज झोपण्यापूर्वी तिच्यात तीन गोष्टींचे आभार मानायचे, म्हणजे बाळ कृतज्ञ निपजतं, असं वर्गाच्या ताई सांगतात. कुणाला सुचलं नाही तर अडायला नको म्हणून पहिल्या पानावर नमुनाही छापलाय: सूर्य, वारा, झाडं.

सूर्याचे आभार! मे महिन्यात, संभाजीनगरात, नववा लागलेला असताना! हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझं आणि उन्हाचं वैर माहीत आहे. वाऱ्याबद्दल बोलायचं तर दुपारी गुलमंडीवर जो वाहतो त्याला आमच्याकडे झळ म्हणतात. झाडांबद्दल तक्रार नाही. आमच्या गल्लीत झाडच नाही.

तरीही मी वही उघडली. पैसे भरलेत, म्हणून. आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला ज्यांचे आभार मानायचेत त्यातलं कुणीच नमुन्यात नाही. वर्गात हे सांगितलं तर ताई म्हणाल्या, ‘‘व्यक्ती नको, तत्त्व लिहा.’’ आता तत्त्वाने माझ्याकडचा पाण्याचा ड्रम कधी भरलाय?

पाण्याचं असं आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या खाड्याने येतं. तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर काढून या गावाला पाणी पाजलं. आता जायकवाडी धरणाचा अख्खा नाथसागर पैठणला भरलेला असतो आणि आम्ही रात्री अडीचला नळाची फुसफुस ऐकत बसतो. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. त्यानंतर किती तारखा मिळाल्या ते तुम्हीही मोजलंच असेल. त्यापेक्षा गरोदर बाई बरी, डॉक्टर तिला एकच तारीख देतात आणि ती फार तर आठ-पंधरा दिवस मागेपुढे होते.

तर मध्यरात्री गल्लीच्या ग्रुपवर ‘पाणी आलं’ पडतं आणि सगळी गल्ली जागी होते. मोटरी सुरू, नळ्या टाकल्या, बादल्यांचे आवाज. आमच्या वाड्यात मोटर चालत नाही, प्रेशरच नसतं; खालच्या नळावरून वर न्यावं लागतं. नवऱ्याची रात्रपाळी. सासूबाईंचे गुडघे. सहावा लागला तशी मी एका रात्री कळशी घेऊन जिना उतरले, तर तिसऱ्या नंबरच्या खोलीतली खाला आधीच नळाशी उभी. तिने माझ्या हातातली कळशी काढून घेतली. ‘‘नको बेटा, तू मत उठा. जा, सो जा.’’ मी काहीतरी पुटपुटले. तिने लक्षच दिलं नाही, तिचं सगळं ध्यान ड्रमच्या काठाकडे.

तेव्हापासून आमचा निळा ड्रम तीच भरवते. स्वतः नसेल तर मुलाला उठवते, आणि तो कुरकुरला तर त्याला जे ऐकवते ते गर्भसंस्कारात बसणारं नाही. बाळ ऐकतंय. सकाळी मी आभार मानायला गेले की ती विषय बदलते: खाल्लं का, पाय सुजलेत का, आणि इमरती कमी कर. शेवटचं मला मान्य नाही. डोहाळे संपले तरी गुलमंडीच्या इमरतीवरचा माझा हक्क संपत नाही, असं माझं मत आहे.

वहीत आणखी एक नाव आहे: आमच्या आशाताई. फाटकापाशी उभ्या राहून हाक मारतात, कारण वर चढायला वेळ नसतो. पुढे तीन गल्ल्या असतात. लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हे त्या अशा आवाजात विचारतात की समोरच्या दुकानदारानेही माझ्या गोळ्या मोजून ठेवल्यात. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून 5000 रुपये मिळतात, त्याचा अर्ज त्यांनीच आणून दिला. आशा ही आरोग्य स्वयंसेविकांची व्यवस्था 2005 पासून, आधी खेड्यांत, मग शहरांत. लाखभर जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचा आकडा महाराष्ट्रात 2001-03 मध्ये 149 होता, तो 2018-20 मध्ये 33 वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रस्ते झाले, 108 ची गाडी आली, सगळं खरं. पण फाटकात उभं राहून ओरडणाऱ्या बाईचाही त्यात वाटा आहे.

आणि ही बाई 2024 च्या फेब्रुवारीत मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसली होती. त्या दिवसांत मी तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. माझा विषय तेव्हा बहुधा लग्नाच्या हॉलमधला डीजे होता.

आजी म्हणायची, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. तिची पहिली खेप खेड्यात, सुईणीच्या हातची. त्या सुईणीला तिने लुगडं दिलं आणि पुढे दर संक्रांतीला वाण. वही कसली, लिहायला तरी कुठे येत होतं. पण देणं कुणाचं आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि ते ठरल्या दिवशी पोचत होतं. खालासाठी मी काय न्यावं यावर सासूबाईंचा आणि माझा अजून वाद चालू आहे. त्या म्हणतात साडी. मी म्हणते, रात्री अडीचला नळाशी साडीचं काय करणार ती? मोठा टॉर्च द्यावा, चार्जिंगचा. आशाताईंचं त्याहून सोपं आहे. त्यांना वाण नको, मानधन वेळेवर हवं, आणि ते माझ्या हातात नाही.

पुढचे काही आठवडे हे सदर बंद राहील. माहेर जालन्याचं असलं तरी बाळंतपण इथेच आहे. बाळासाठी नावं सुचवणारी पत्रं कृपया पाठवू नयेत. यादी भरली आहे आणि ती सासूबाईंच्या ताब्यात आहे.