पिसांची टोपी आणि साबुदाण्याची खिचडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईसारख्या शहरांतून लहान मुलांची दिवसभराची शिबिरे भरतात. त्यांपैकी काहींतून 'जगातील संस्कृतीं'ची ओळख करून दिली जाते. सोमवारी जपान, मंगळवारी मेक्सिको, बुधवारी आफ्रिका. जणू आफ्रिका हा एकच देश! झेंडा रंगवावा, कागदी पिसांची टोपी घालून 'रेड इंडियन' व्हावे आणि संध्याकाळी घरी जावे. दूरच्या माणसांविषयी मुलांना कुतूहल वाटावे, हा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु ज्या जगात कोणी नांगरत नाही, विणत नाही, ओझे वाहत नाही, असे जग दाखवून मुलांच्या हाती काय लागणार?

त्यापेक्षा मुलाच्या डब्यातील साबुदाण्याची खिचडी पाहावी. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा आणि बटाटा मूळचे दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिकोकडची. एकादशीला चालणाऱ्या या फराळातला एकही मुख्य जिन्नस सहाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात नव्हता, ही गोष्ट संस्कृतिरक्षकांनीही ध्यानात घ्यावी! अमेरिकेतील आदिवासी शेतकऱ्यांनी ही पिके हजारो वर्षे निवडून, जोपासून सिद्ध केली. १४९२ नंतर युरोपीयांनी त्यांच्या जमिनी हिरावल्या आणि पिके जगभर नेली. 'बटाटा' हा शब्दही मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. सहा वर्षांच्या मुलाला वसाहतवाद कळणार नाही हे खरे. पण 'हे प्रथम कोणी पिकवले?' हा प्रश्न त्याला निश्चित कळतो. उत्तर कळल्यावर त्याच लोकांची पिसे लावून आरोळ्या ठोकणे त्याचे त्यालाच विचित्र वाटेल.

प्रश्न शुल्काचाही आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत काढले. आज ते नाव महागड्या शाळांच्या पाट्यांवर झळकते. उलट ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला तेच बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. महाग साधनांवाचून त्यांचे अडले नाही. खडे, पाने, बिया पुरल्या.

मे महिन्यात महापालिकेच्या शाळांचे वर्ग रिकामे असतात. वस्तीतील कार्यकर्त्यांनी त्यांच्या किल्ल्या मागाव्यात. एक नकाशा, मूठभर शेंगदाणे आणि आपल्या गावच्या गोष्टी सांगायला शेजारच्या इमारतीवरचा नेपाळी पहारेकरी, एवढ्यावर पहिला दिवस निभावतो. मात्र त्याच्या त्या तासाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे.