पवईच्या वेशीवरील नव्या संशोधकासाठी

मा. संचालक,
भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई,
पवई.



आपल्या संस्थेचे मुख्य प्रवेशद्वार आणि कांजूरमार्गचे रेल्वे स्थानक यांच्यामध्ये जेमतेम दोन-अडीच किलोमीटरांचे अंतर आहे, आणि प्रतिवर्षी पावसाळ्याचे दिवस आले की देशाच्या नाना प्रांतांतून आलेली शेकडो तरुण माणसे, पाठीवर एक आणि हातात एक अशा पिशव्या सांभाळीत, याच स्थानकाच्या पश्चिमेच्या जिन्यावरून उतरून पवईकडे जाणारी शेअर रिक्षा शोधू लागतात. मी या भागात राहणारी, शाळेच्या ग्रंथालयात हयात घालवलेली एक निवृत्त ग्रंथपाल आहे. संस्थेशी माझा संबंध शेजाऱ्याचा, त्याहून अधिक नाही. तथापि हवी असलेली माहिती कोठे मिळेल हे विचारणाऱ्याला सांगणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय असल्यामुळे, त्या व्यवसायाच्या अनुभवातून सुचलेली एक तजवीज आपल्यासमोर आणि वाचकांसमोर जाहीरपणे मांडण्याचे धाडस करीत आहे.

मला विशेषेकरून बोलावयाचे आहे ते पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांविषयी. बारावीनंतर पदवीसाठी येणाऱ्या मुलाबरोबर आईवडील असतात, शिकवणीच्या वर्गातले मित्र असतात, आणि शेकडो जण एकाच दिवशी एकाच गोष्टीविषयी अजाण असल्यामुळे त्या अजाणपणाची कोणाला लाज वाटत नाही. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयातून ‘गेट’ उत्तीर्ण होऊन आलेला, कित्येकदा हातातली नोकरी सोडून आणि क्वचित पत्नी व मूल गावी ठेवून आलेला पंचवीस-तीस वर्षांचा माणूस मात्र बहुधा एकटा येतो; पीएच.डी.चा विद्यार्थी तर जानेवारीतही येतो, म्हणजे जुलैतील स्वागताचे मांडव उठून कित्येक महिने लोटल्यावर. त्याचे वय पाहून त्याला सारे ठाऊक असेलच असे इतर जण गृहीत धरतात, आणि नेमक्या त्याच वयामुळे विचारावयास त्याची जीभ रेटत नाही. आज आपल्या संस्थेत अशा विद्यार्थ्यांची संख्या पदवीच्या विद्यार्थ्यांहून अधिक आहे.

त्याला काय ठाऊक व्हावे लागते, याचा विचार क्षणभर थांबून केला पाहिजे. गाईड निवडण्याची रीत कोणती आणि निवड मानवली नाही तर अर्ज कोणाकडे करावयाचा. क्वालिफायर, म्हणजे पात्रता परीक्षा, किती मुदतीत द्यावयाची आणि वर्षाअखेरच्या ए.पी.एस.मध्ये, म्हणजे वार्षिक प्रगती चर्चासत्रात, समितीपुढे नेमके काय मांडावयाचे. अधिछात्रवृत्तीची रक्कम पहिल्या महिन्यात हाती आली नाही तर कोणत्या खात्याची पायरी चढावयाची. मध्यरात्री ताप चढला तर आवारातील रुग्णालय कोणत्या दिशेला आणि मन खचले तर समुपदेशकाचा दरवाजा कोणता. आवारात फिरणारी टमटम बस कोठे थांबते. विवाहितांच्या निवासासाठी नाव कोठे नोंदवावयाचे, आणि आवाराबाहेर घर घेतले तर भाडेकराराची नोंदणी कशी करावयाची व पोलीस ठाण्याला काय कळवावयाचे. महापालिकेच्या एस विभागाची कचेरी भांडुपला आहे, घाटकोपरचे राजावाडी हे जवळचे मोठे महापालिका रुग्णालय आहे आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची जिल्हाधिकारी कचेरी वांद्रे पूर्वेला आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात, पण एकाच वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत. हे सारे त्याला पहिल्या काही आठवड्यांतच, अपरिचित शहरात, बहुधा परक्या भाषेत, आणि अभ्यास सांभाळून समजून घ्यावे लागते.

संस्थेत माहितीचा तुटवडा आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कोणत्याही मोठ्या संस्थेत माहिती विपुल असते. परंतु ती ज्या त्या खात्याच्या दप्तरात असते, परिपत्रकांच्या भाषेत असते, आणि जी खरोखर उपयोगी पडते ती बहुतांशी माणसांच्या तोंडी असते. सीनियर ज्युनियरला सांगतो, प्रयोगशाळेतील जुना विद्यार्थी नव्याला सांगतो. ही परंपरा सुंदर आहे, आणि ज्येष्ठांनी नव्यांचा हात धरावा यासाठी आपल्याकडे योजनाही आहेत. पण तोंडी माहिती ओळखीच्या वाटेने चालते. एकाच महाविद्यालयातून आलेल्यांना, एकच बोली बोलणाऱ्यांना, इंग्रजीत सहज गप्पा मारू शकणाऱ्यांना ती पहिल्या आठवड्यात मिळते. आणि ज्याच्या घरात कोणी पदवीधर झालेला नाही, ज्याच्या गावातून पवईला पूर्वी कोणी आलेला नाही, त्याच्यापर्यंत पोचावयास तिला सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत एखादी मुदत टळते, एखादा अर्ज राहतो, एखादा विषय हुकतो. मला सर्वांत अधिक व्यथित करणारी गोष्ट अशी, की केवळ माहिती उशिरा पोचल्याने पडलेले हे अंतर पुढे कागदोपत्री गुणवत्तेतील अंतर म्हणून नोंदले जाते, आणि ते तसेच आहे असे त्या विद्यार्थ्यालाही वाटू लागते.

१९५८ साली संस्थेचे पहिले वर्ग वरळीला सस्मिराच्या इमारतीत भरले, आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला कोनशिला बसली. त्या आरंभीच्या मूठभर विद्यार्थ्यांना व अध्यापकांना एकमेकांची नावे तोंडपाठ असली पाहिजेत. तेव्हा तोंडी व्यवस्था पुरेशीही होती. आज पाचशे एकरांहून अधिक विस्ताराच्या आवारात दहा हजारांवर विद्यार्थी राहत असताना ती पुरी पडावी ही अपेक्षाच अवास्तव आहे.

येथवर नित्याच्या गरजांचे झाले. परंतु संशोधकाची खरी भूक निराळी असते आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. अशी कल्पना करावी की एखादी विद्यार्थिनी मिठी नदीच्या पुराचा अभ्यास करावयास आली आहे. विषय अक्षरशः तिच्या वसतिगृहाच्या दारात आहे: विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून ती नदी उगम पावते, आणि त्यांपैकी पवईच्या तलावाला आपले आवार भिडलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे तिला ठाऊक असेल, त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००६ साली आला, हेही संस्थेच्या केंद्रीय ग्रंथालयात तिला कोणी सांगेल. पण विहारचा तलाव १८६० च्या सुमारास आणि पवईचा १८९१ च्या सुमारास बांधला गेला, तेव्हा हा सारा मुलूख मुंबईत नव्हताच. तो ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत होता, आणि मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत पोचली ती १९५७ साली. सबब कांजूर, पवई, भांडुप यांचे जुने कागद मुंबईच्या नावाखाली शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत; ते ठाण्याच्या नावाखाली धुंडाळावे लागतात. १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, १८२१ साली स्थापन झालेल्या आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत वर्षानुवर्षे राहिलेल्या पुराभिलेखागारातील महसुली दस्तऐवज, टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, दादरचे १८९८ सालचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, या भांडारांतून तो इतिहास विखुरला आहे. टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय तर देशातील त्या चार ग्रंथालयांपैकी एक आहे, ज्यांना १९५४ च्या कायद्यान्वये येथे प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मिळण्याचा अधिकार आहे. कांजूरमार्गहून धीमी गाडी धरली की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत जाता येते, इतके ते जवळ आहे. तरीही चार-पाच वर्षे पवईत राहून प्रबंध पुरा केलेल्या संशोधकाला त्याचा पत्ताच लागलेला नसावा, हे सहज संभवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला या जुन्या दप्तरांचे काय प्रयोजन, असे कोणी म्हणेल. पाण्याच्या वाटा बदलल्या कशा, हे ज्याला गणिताने मांडावयाचे आहे, त्याला त्या पूर्वी कशा होत्या हे जुन्या नकाशावाचून कोण सांगणार?

वाचकापर्यंत माहिती पोचविणे हे संस्थाचालकाचे कर्तव्य आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठविल्या. त्याच बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. विद्यार्थ्याला द्रव्य देणे आणि ग्रंथाकडे जाण्याची वाट मोकळी करून देणे, ही दोन्ही कामे एकाच धोरणाची अंगे आहेत हे त्या राजाने ओळखले होते. आपल्या काळात हेच तत्त्व कायद्यात उतरले आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील चौथे कलम अर्जाची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयास सांगते. त्यातील सतरा बाबींमध्ये, लोकांसाठी चालविल्या जाणाऱ्या ग्रंथालयाच्या वा वाचनकक्षाच्या वेळांचाही उल्लेख आहे, आणि ही प्रसिद्धी करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असेही तेच कलम बजावते. मागितल्यावर देणे निराळे आणि मागण्यापूर्वी मांडून ठेवणे निराळे. संकोची माणसाला या दुसऱ्या रीतीचाच आधार असतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती, प्रवेशाच्या पत्राबरोबरच, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापलेली एक पुस्तिका पडावी, जिच्या पहिल्या भागात आवारातील आणि दुसऱ्या भागात आवाराबाहेरील, म्हणजे कांजूर, भांडुप, विक्रोळी येथपासून थेट टाउन हॉलपर्यंतची माहिती असेल. ती खात्यांच्या क्रमाने न लावता विद्यार्थ्याच्या गरजांच्या क्रमाने लावलेली असावी, कारण आपली अडचण कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते हेच तर त्याला ठाऊक नसते. प्रत्येक पानाच्या तळाशी ते पान शेवटी कधी तपासले त्याची तारीख आणि तपासणाऱ्याचे पद छापावे. ग्रंथपाल या नात्याने मी आग्रहाने सांगते, की जुनी झालेली माहिती ही नसलेल्या माहितीपेक्षा अधिक हानी करते. ती माणसाला बंद दारापर्यंत नेऊन सोडते आणि पुन्हा विचारण्याची त्याची उमेद हरपते. ही पुस्तिका लिहिण्याचे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या संशोधकांकडे मानधनासह सोपवावे, कारण कोठे अडते हे त्यांच्या ताज्या स्मरणात असते. परंतु ती बिनचूक राखण्याची जबाबदारी मात्र एका कायम अधिकाऱ्यावर असावी.

पुस्तिकेने सारे भागणार नाही. केंद्रीय ग्रंथालयात, सकाळपासून रात्री उशिरापर्यंत, कोणताही प्रश्न विचारता येईल असा एक मेज असावा, आणि तेथे बसणाऱ्या इसमाला एकच नियम असावा: ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगून कोणाला परतवावयाचे नाही, ज्या कचेरीकडे ते येते तिचा पत्ता, वेळ आणि तेथील पदाधिकाऱ्याचे पदनाम लिहून द्यावयाचे. विचारले गेलेले प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव न टिपता, एका वहीत नोंदले गेले, तर पुढील वर्षीच्या पुस्तिकेत काय हवे हे त्या वहीतूनच कळेल.

आणि शेवटची मागणी आम्हा कांजूरकरांच्या वतीने. मध्य रेल्वे आणि महापालिका यांच्याशी मसलत करून, स्थानकाच्या पश्चिमेस, तिकीटखिडकीजवळ, नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन भाषांतील एक ठळक फलक कायमचा उभारावा: संस्थेकडे जाण्याचा मार्ग, आवारातील त्या मेजाचे ठिकाण, जवळचे रुग्णालय आणि पोलीस ठाणे. जलद गाडी येथे थांबत नसल्याने मराठवाड्याहून रात्रीच्या गाडीने येणारा विद्यार्थी ठाण्यास वा दादरला उतरून धीम्या गाडीने भल्या सकाळी येथे पोचतो, आणि त्या वेळी विचारावयास फारसे कोणी नसते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्या फलकापाशी दोन तास उभे राहून वाट सांगावयास आमच्या भागातील निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल आणि गृहिणी आनंदाने येतील. त्यांची नावे जमविण्याचे काम मी स्वतः पत्करते. संस्थेकडून केवळ अचूक माहितीचा कागद आणि तो वाटण्याची परवानगी मिळावी. येत्या प्रवेशसत्रापूर्वी या संबंधात आपल्या कार्यालयातील जबाबदार अधिकाऱ्याची भेट मिळाल्यास पुस्तिकेच्या दुसऱ्या भागाचा, म्हणजे ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या यादीचा, कच्चा मसुदा मी सोबत घेऊन येईन.



आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल,
कांजूरमार्ग (पश्चिम)