घाम सारखाच, औषध उलट: विंचवाचं विष आणि फवारणीचं विष पेशीच्या दारावर काय करतं?

कपाशी कमरेच्या वर गेली की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शिवारांत दोन धोके एकाच वेळी वाढतात. एकीकडे पाठीवर पंप घेऊन फवारणी सुरू असते. दुसरीकडे निंदणी, वेचणी, बांधावरचे दगड उचलणं, पाचोळा आवरणं ही कामं उघड्या हातांनी चाललेली असतात. त्यामुळे या हंगामात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आलेले दोन रुग्ण पहिल्या नजरेत सारखे दिसू शकतात. अंग घामाने चिंब, तोंडातून लाळ, उलट्या, धाप. त्यातल्या एकाला लाल विंचवाने नांगी मारलेली असते. दुसऱ्याच्या अंगावर, डोळ्यांत, श्वासात ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक गेलेलं असतं.

दोघांची औषधं मात्र एकमेकांच्या विरुद्ध वागणारी आहेत. विंचूदंशात जीव वाचवणारं प्राझोसिन फवारणीच्या विषावर काहीच करत नाही, उलट रक्तदाब पाडू शकतं. फवारणीच्या विषबाधेत जीव वाचवणारं ॲट्रोपिन विंचवाच्या रुग्णाला, केवळ घाम आणि लाळ पाहून दिलं, तर आधीच धावणारं हृदय आणखी पळायला लागतं. असं का होतं, याचं उत्तर पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेल्या एका प्रथिनांच्या कुटुंबात आहे. त्याचं नाव जी प्रोटीन-कपल्ड रिसेप्टर, म्हणजेच जीपीसीआर.

पाहुणा ओट्यावर, हालचाल घरात

जुन्या वाड्याच्या दाराला कडी असते. पाहुणा ओट्यावर उभा राहून कडी वाजवतो. तो आत येत नाही, पण आवाज ऐकून आतलं माणूस उठतं, ते दुसऱ्याला हाक मारतं, चूल पेटते, पाणी भरलं जातं. पेशीचंही असंच आहे. ॲड्रेनलिनसारखा रक्तातून आलेला निरोप पेशीच्या आत शिरत नाही. पडद्यातून सात वेळा आत-बाहेर विणलेला रिसेप्टर ही त्या दाराची कडी. निरोप त्याला चिकटला की त्याचा आकार किंचित बदलतो. आतल्या बाजूला त्याला टेकून बसलेलं जी प्रोटीन त्यामुळे जागं होतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ते पुढच्या एन्झाइमला कामाला लावतात. एन्झाइम एकाऐवजी शेकडो छोटे रेणू तयार करतं. म्हणूनच रक्तातला चिमूटभर निरोपही सगळ्या शरीराला हलवू शकतो.

माणसात असे सुमारे ८०० रिसेप्टर आहेत. वास, कडू-गोड चव, डोळ्यांतला प्रकाश, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण, या सगळ्यांच्या मागे हेच कुटुंब आहे. आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं यांच्यावरच काम करतात. जी प्रोटीनच्या शोधाबद्दल आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ मध्ये नोबेल मिळालं. रिसेप्टरांवरच्या कामाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये मिळालं. लेफ्कोविट्झ-कोबिल्का यांचं आयुष्यभराचं काम ज्या कडीवर झालं ती ॲड्रेनलिनची होती. महाराष्ट्रातल्या विंचूदंशाच्या कहाणीतही त्याच घराण्यातली कडी आहे.

लाल विंचू: आपल्याच ॲड्रेनलिनचा पूर

खेड्यात काळ्या, मोठ्या इंगळीची भीती जास्त वाटते. प्रत्यक्षात जीव घेतो तो आकाराने लहान, तांबूस रंगाचा लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवतं. हे मार्ग जीपीसीआर नाहीत, ती साधी फाटकं आहेत. पण फाटक उघडं राहिल्यामुळे मज्जातंतू थांबतच नाहीत आणि शरीर स्वतःचंच ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन रक्तात ओतत राहतं. इथून पुढे विंचवाचं काम संपतं आणि रुग्णाच्या स्वतःच्या रसायनांचं सुरू होतं.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अल्फा-१ नावाचे रिसेप्टर असतात. नॉरॲड्रेनलिन तिथली कडी वाजवतं, आत जी प्रोटीन जागं होतं, पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि स्नायू आवळतो. एकाच वेळी सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या की हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं. मग फुप्फुसांत पाणी साचतं आणि गुलाबी फेस येतो.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे मृत्यू जवळून पाहिले. उलट्या, घाम, गार हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा ही पुढच्या धोक्याची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्यानंतर त्यांनी वापरलं प्राझोसिन. हे औषध विंचवासाठी बनलेलंच नव्हतं, ती उच्च रक्तदाबाची गोळी होती. प्राझोसिन अल्फा-१ रिसेप्टरच्या कडीला घट्ट धरून बसतं, ती वाजवत नाही आणि इतर कुणाला वाजवूही देत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. गंभीर विंचूदंशात पूर्वी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं.

त्यांचं प्राझोसिनवरचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये आलं १९८६ साली. त्याच वर्षी अमेरिकेत लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेने ॲड्रेनलिनच्या एका रिसेप्टरचं जनुक प्रथम वाचून काढलं. एका बाजूला कोट्यवधींची प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला एक्स-रे आणि ईसीजीचीही ओढाताण असलेलं ग्रामीण केंद्र, आणि दोघंही एकाच घराण्यातल्या कड्यांपाशी पोचले होते. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनला विंचूप्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, असंही दिसलं. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या गोळीने एक जुना गोंधळही उलगडतो. मंत्राने विंचू उतरतो, असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात आणि ते सगळेच खोटं बोलत नसतात. बहुतेक विंचूदंशांत नुसत्या वेदना होतात आणि त्या काही तासांनी आपोआप कमी होतात. श्रेय मंत्राला जातं. ज्याचे हातपाय गार पडू लागलेत, त्याच्या बाबतीत मात्र हेच काही तास सगळं ठरवतात.

फवारणी: निरोप पुसणाराच गायब

ऑर्गनोफॉस्फेटची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून निघतो, काम करतो आणि एक एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट ही औषधं या एन्झाइमलाच निकामी करतात. किडीचंही असंच होतं, माणसाचंही. निरोप पुसला जात नाही, साचत जातो.

साचलेलं ॲसिटिलकोलीन दोन प्रकारच्या दारांवर जातं, आणि उपचारांतली खरी अडचण इथे आहे. ग्रंथी, श्वासनलिका, हृदय आणि डोळ्याच्या बाहुलीवर मस्कारिनिक रिसेप्टर आहेत. हे जीपीसीआर. त्यांची कडी सतत वाजत राहिली की लाळ, घाम, श्वासनलिकेत चिकट पाणी, मंदावलेली नाडी आणि टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली दिसते. ॲट्रोपिन नेमकी हीच कडी धरून ठेवतं. म्हणून डॉक्टर छातीतला ओलावा कमी होईपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत, काही मिनिटांच्या अंतराने मात्रा वाढवत नेतात. इतकी इंजेक्शनं का लागताहेत, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. साचलेल्या निरोपाला कडीवरून हटवायचं तर तेवढी गर्दी लागतेच.

हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर मात्र निकोटिनिक रिसेप्टर असतात. ते त्याच निरोपाला ओळखतात, पण जीपीसीआर नाहीत. ती सरळ उघडणारी फाटकं आहेत आणि ॲट्रोपिन त्यांना शिवतही नाही. त्यामुळे छाती कोरडी झाली, नाडी सुधारली, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, आणि एक-दोन दिवसांनी रुग्णाची मान उचलेनाशी होते, श्वास उथळ होतो. अशा वेळी व्हेंटिलेटरच लागतो. शिरपूर किंवा साक्रीच्या रुग्णासाठी तो धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळू शकतो, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरवर. चोपडा, यावल, रावेरकडच्यांना जळगाव गाठावं लागतं. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०१८ मध्ये. 'बरं वाटतंय' म्हणून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला घरी नेणं किती महाग पडू शकतं, ते या दुसऱ्या दारामुळे कळतं.

निकामी एन्झाइम पुन्हा मोकळं करणारं प्रालिडॉक्सिम म्हणजे 'पॅम' हे औषधही दिलं जातं. त्याच्यावर बारामतीत झालेला अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि त्यात सतत जास्त मात्रा दिल्यास फायदा दिसला. नंतर श्रीलंकेतल्या अभ्यासात तो दिसला नाही. त्यामुळे भरवशाचं औषध अजूनही ॲट्रोपिनच.

दोघांत फरक कसा ओळखतात?

बाहुली बारीक, नाडी मंद, छातीत घरघर, कपड्यांना औषधाचा वास असेल तर संशय फवारणीवर. हातपाय गार, रक्तदाब चढलेला, नाडी वेगात, अंगावर नांगीची जागा दुखरी असेल तर विंचवावर. पण लक्षणं नेहमी पुस्तकाप्रमाणे येत नाहीत. विंचूदंशाच्या सुरुवातीलाही लाळ आणि मंद नाडी दिसू शकते. त्यामुळे रुग्ण कुठे होता आणि काय करत होता, हे सोबत आलेल्या माणसाने सांगणं तपासणीइतकंच मोलाचं ठरतं.

गोंधळ वाढवणारं तिसरं औषध गोठ्यात असतं. गोचिडांसाठी वापरलं जाणारं अमित्राझ किडीतल्या ऑक्टोपामिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे जीपीसीआरवरच काम करतं. माणसाच्या पोटात गेलं तर ते अल्फा-२ रिसेप्टर चालू करतं. गुंगी येते, नाडी मंदावते, बाहुलीही बारीक होऊ शकते. वरून ऑर्गनोफॉस्फेटच वाटावं असं चित्र, पण विष वेगळंच.

आणि सगळी कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फेट नसतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले आणि राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉनही होतं. ते पेशीच्या ऊर्जेच्या यंत्रणेवर घाव घालतं, त्याला ॲट्रोपिनसारखा उतारा नाही. त्यात एकाच पंपात दोन-तीन औषधं आणि वर टॉनिक मिसळण्याची सवय. डॉक्टरांसमोर मग विषाचं नाव नसतं, नुसता अंदाज असतो. रुग्णासोबत बाटली किंवा डबा नेणं, अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने धुणं आणि १०८ला फोन करणं, एवढं कुणालाही करता येतं. कपडे धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी, कारण हे विष कातडीतूनही शिरतं.

बंदी आली, प्रश्न उरला

मोनोक्रोटोफॉसवर भाज्यांसाठी २००५ पासूनच बंदी होती. बिहारमधल्या धर्मसती गंडामन गावात २०१३ मध्ये शाळेच्या जेवणात ते गेलं आणि २३ मुलं दगावली. केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, तोही जुना साठा संपवायला वेळ देऊन. पण त्याच गटातली इतर औषधं कपाशीवर चालूच आहेत. ती सगळी एकदम बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. गुलाबी बोंडअळी आणि मावा-तुडतुड्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला परवडणारा पर्याय हातात दिल्याशिवाय ते होणार नाही.

तोवर पंप कुणाच्या पाठीवर आहे, हे पाहायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याशी अनेक शेतांत तो पावरा-भिल्ल मजुराच्या किंवा गावातल्या भूमिहीनाच्या पाठीवर असतो. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विंचूदंश आणि कीटकनाशकं हाताळताना होणारी विषबाधा, दोन्ही अपघात म्हणून धरलेले आहेत आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची तरतूद आहे. मात्र ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराचं नाव सातबाऱ्यावर नसतं.